कळव्याची दिवालगिरी

पौष सरून माघ लागला होता. सकाळी कळव्याच्या धाकू पाटलांचा गाडीवान आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि त्यानं पाणी मागितलं. काम अगदी साधं होतं. पाटलांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. नव्या माडीच्या ओसरीत लावायला त्यांनी मुंबईच्या लिलावात एक विलायती दिवालगिरी घेतली होती. भिंतीवर लावायच्या दिव्याला म्हणतात ना दिवालगिरी, तीच. तिच्यावरचं सोनं ठिकठिकाणी उडालं होतं, ते पुन्हा चढवून द्यायचं. मुलाम्याचं काम करणारं आमचं एकच घर कल्याणात उरलं होतं, म्हणून गाडीवान एवढ्या लांब आला होता. मी त्याला गूळपाणी दिलं आणि आत जाऊन यांना म्हणाले, "नाही म्हणून सांगा."

गोदा, तू आधी ते दार लोटून घे. आणि वातीला हात लावू नकोस, आहे तशीच राहू दे. मी हळू बोलते. आत माजघरात हे बसलेत.

नाही का म्हणायचं, ते सांगते. तुम्हाला आता बाजारात सगळं आयतं झळझळीत मिळतं, पण खरा मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात विरघळवलं की त्याचा लोण्यासारखा गोळा होतो. तो काशावर, पितळेवर चोळायचा आणि वस्तू निखाऱ्यांवर धरायची. पारा धूर होऊन उडून जातो, सोनं मागे राहतं. पुढे शंभर वर्षं ते हलत नाही. पण तो धूर जातो कुठे? करणाऱ्याच्या नाकातोंडात. माझे सासरे एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, थोरले दीर छत्तिसाव्या. यांना तेव्हा अडतिसावं चालू होतं. हात इतके थरथरायचे की पेला ओठांशी नेईपर्यंत निम्मं पाणी सदऱ्यावर. हिरड्या काळ्या पडलेल्या, दात हलायला लागलेले. परकं माणूस दिसलं की आत पळायचे आणि माझ्यावर मात्र उगाच भडकायचे.

मी सव्वीस वर्षांची होते. पदरी मूल नव्हतं. देवाजवळ माझं एकच मागणं होतं, हा माणूस जगू दे. विधवेचे कसे हाल होतात ते मी थोरल्या जावेच्या रूपानं रोज घरात बघत होते. ती भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहीपेक्षा मला हे हवे होते. चिडके, थरथरे, जसे होते तसे.

यांनी गाडीवानाशी बोलणं केलं आणि आत येऊन माझी समजूत घातली. "हे शेवटचं. यानंतर पाऱ्याला शिवणार नाही, तुझी शपथ. अगं, फ्रान्सच्या कारागिराचं काम आहे म्हणतो तो. एकदा बघू तरी दे."

"बघा. पण सोनं चोळायला मी येणार बरोबर," मी म्हणाले. "तुमच्या हातून ते निम्मं भुईवर सांडेल."

आम्ही आगगाडीनं ठाण्याला उतरलो आणि होडीनं खाडी ओलांडली. मुंबईत शेअरांचा बाजार बुडाला होता, त्याच्या पुढचं वर्ष ते. मोठमोठ्या शेठजींची झुंबरं, आरसे, शमादानं मातीमोल होऊन कुठे कुठे जाऊन पडली होती. तशातलीच ही एक. मिठागराच्या कडेला पाटलांची एक उघडी पडवी होती. लग्नघरात धूर नको म्हणून आमची सोय तिथे केली होती. एका बाजूला मिठाच्या राशी, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि सगळीकडे चिखलाचा आणि खारा वास. तिथे गोणपाटात गुंडाळून ती ठेवली होती.

गोणपाट सोडलं, आणि हे तिच्यापुढे मांडी घालून बसले.

वर बघ, तुझ्या डोक्यावरच आहे. हो, हीच ती. रोज बघतेस, पण नीट कधी बघितली नसशील. हातभर उंचीचा, पंख असलेला मुलगा. खांबाला टेकून उभा आहे, मान कलती, डोळे मिटलेले. त्याच्या पाठीमागून दोन फांद्या निघतात, त्यांच्या टोकाला मेणबत्तीच्या वाट्या. खाली मेंढ्याची दोन तोंडं, त्यांच्या शिंगांतून सोडलेली फुलांची माळ. बस्स, एवढंच. नसती नक्षी कुठे नाही. वस्त्र घोटून चकचकीत केलेलं आणि अंगाची कातडी मुद्दाम निस्तेज ठेवलेली, त्यामुळे ती खरी वाटते. हे आपल्या थरथरत्या बोटांनी ती वस्तू चाचपत होते, आणि बोटं तेवढ्यापुरती थांबल्यासारखी मला वाटली.

वाटीत बोट फिरवून यांनी ते मला दाखवलं. "मेणाचा थेंब नाही. काजळी नाही. शंभर वर्षांचं तरी काम असेल हे, आणि कुणी एकदाही पेटवलेलं नाही."

"नुसतं शोभेला ठेवलं असेल."

"दिवा कुणी शोभेला घेतं होय?" हे म्हणाले.

त्या मुलाच्या उजव्या हातात तेव्हा मशाल उलटी होती. मूठ वर आणि ज्योत खाली, त्याच्या पावलापाशी भुईला टेकलेली. आता वर दिसते ना, तशी नव्हती.

तेवढ्यात धाकू पाटील आले. मोठा हसरा, दणदणीत माणूस. मिठागरांवर पैसा केलेला, पण बोलणं आपलं साधं. दिव्यातलं त्यांना सगळं पसंत होतं, एवढं एक सोडून.

"मिस्तरी, ही मशाल उलटी हाय. आमचे पोरीचे हळदीला असा उलटा दिवा लावाचा का? लोका काय बोलतील? ती सरल करून द्या. आन नुसती शोभेची नको, तिच्यान तेल-वात जाली पायजे. पेटली पायजे ती."

हे म्हणाले, "पाटील, ही चूक नव्हे. एवढं नेमकं काम करणारा माणूस मशाल धरायला चुकेल का? त्यानं ती मुद्दाम खाली केलीय. तो मुलगा ती विझवतोय."

"मंग त्याला सांगा, आथं पेटव." पाटील खदखदा हसले आणि निघूनही गेले.

हे मशालीकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "नको वाटतं गं हे. सोनं चढवून देऊ, मशाल आहे तशी राहू दे. दुसऱ्याच्या हातचं काम मोडून त्याचा अर्थ फिरवायचा..."

गोदा, त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण मला काय सुचावं? मला घरी जायची घाई झाली होती. हे काम एकदाचं संपलं की पारा घरातून जाणार, एवढंच माझ्या डोक्यात. म्हटलं, "अहो, शुभकार्यात उलटा दिवा कोण लावेल? त्यांचं काय चुकलं? करून टाका आणि मोकळे व्हा." माझ्या शब्दावर यांनी करवत हातात घेतली.

त्या दिवशी यांनी मशाल मुठीतून कापली, आतून पोकळ केली, तेलाला जागा केली आणि उलटवून डाख देऊन जोडली. जोड कुठे आहे ते आज तुला शोधून सापडणार नाही. हात एवढा थरथरत असताना कसं जमलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मुलामा. पाऱ्याचं काम करताना आमच्यात सोन्याचा तुकडा गालात धरायची रीत होती. धुरातला पारा आधी त्या सोन्याला धरतो. सोनं पांढरं पडलं की समजायचं, आता बास, उठायचं. यांच्याकडे सासऱ्यांच्या वेळचा तुकडा होता, तो झिजून पापुद्र्यासारखा झाला होता. त्या सकाळी तोंडात घालताच तो मोडला. हे तसेच कामाला बसायला लागले. मी बसू देईन? मी गळ्यातलं डोरलं काढलं, दातांनी दोरा तोडला आणि त्यातला एक सोन्याचा मणी यांच्या हातावर ठेवला.

"वेडी आहेस का? मंगळसूत्रातला?"

"मग ते कुणासाठी घातलंय मी?"

दुपारी पाटलांची म्हातारी आई, आवडाबाई, आमच्यासाठी भाकऱ्या घेऊन आली. यांनी जेवायला म्हणून तोंडातला मणी काढून हातावर घेतला, तो तिनं बघितला. तिचा चेहराच बदलला.

"जल्ला, ह्यो काय? सोना तोंडान घालून बसलास?"

मी तिला सांगितलं की आमच्या धंद्यातली रीत आहे.

"तुमची आसल. आमचेकर सोना मेल्याचे तोंडान घालतान. तुलस आन सोना. जित्या मानसानी आसा बसू नये बाय... बघनाऱ्याला काय समजल?"

"इथे कोण बघायला बसलंय, आजी?" मी हसून म्हणाले. म्हातारी त्या पंखवाल्या मुलाकडे बघत होती. मग पदर आवरून निघून गेली.

मी सोनं चोळून द्यायची आणि हे निखाऱ्यांवर धरायचे, असा दिवसभर क्रम चालला. मला यांनी धुराजवळ येऊ दिलं नाही. हे वाऱ्याकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे धूर खाडीकडे जात होता. उन्हं कलली तसा तो मुलगा पायापासून वर सोनेरी होत गेला. शेवटी फक्त मशालीची ज्योत राहिली. पाटलांच्या घरी हळदीची वाजंत्री सुरू झाली होती. मी पाणी आणायला विहिरीवर गेले. घागर भरत असताना माझ्या लक्षात आलं की केस तोंडावर येतायत. मघाशी पाठीवर होते. भरती फिरली होती, आणि तिच्याबरोबर वारा फिरला होता.

मी घागर तिथेच टाकली आणि धावले.

हे कुशीवर पडले होते. ज्योतीवर सोनं चढलेलं होतं, काम पुरं झालं होतं. दिवालगिरी नीट भिंतीला टेकवून ठेवलेली. निखाऱ्यांवर काही नव्हतं. मी यांचं डोकं मांडीवर घेतलं. तोंड उघडं होतं, आणि जिभेवर माझा मणी... पांढराफटक. मी हाका मारल्या. अहो, अहो म्हणून हलवलं. काशाची वाटी नाकाशी धरली. तिच्यावर वाफ धरली नाही. पुसून पुन्हा धरली. पुन्हा तेच. मग यांचं तोंड मी मिटवलं. का मिटवलं, मला सांगता येत नाही. उघडं बघवेना.

मला रडू फुटेना. पलीकडे वाजंत्री वाजतायत, आणि मी तिथे बसले आहे. उठून जायचं कुणाकडे? लग्नघरात जाऊन काय सांगायचं?

तेवढ्यात पावलं वाजली. पाटलांची मुलगी, लक्ष्मी. तेरा-चौदा वर्षांची पोर, तोंडाला हळद फासलेली, एका हातात पणती, दुसऱ्यात तेलाचा बुधला. दिवेलागण झाली म्हणून बापानं नवा दिवा आणायला पाठवली होती. तिला अंधारात आमचं काय दिसणार?

"मिस्तरी निजलं का?" ती हळूच म्हणाली. "निजू द्या. मी आवाज नाय करत. बापूस बोलला, आदी इथंच पेटवून बघ, जलते का."

मला तिला थांबवायचं होतं, गोदा. पण यांचं डोकं मांडीवरून उतरवून मला उठवेना. तिनं मशालीत तेल ओतलं, वात सोडली आणि पणतीची ज्योत तिला लावली. वात लगेच धरली. शंभर वर्षांत पहिल्यांदा त्या दिव्याला उजेड आला. मिठाच्या राशी एकदम पांढऱ्या झाल्या, आणि तो मुलगा इतका सुरेख दिसला की तशा स्थितीतही माझी नजर तिकडे गेली.

आणि मी ओरडले. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये. बारा वर्षांच्या संसारात उखाण्यापुरतं सोडलं तर मी ते घेतलं नव्हतं. त्या दिवशी बेंबीच्या देठापासून ओरडले, "गोपीनाथ!"

"ओ..."

आवाज यांचाच होता. पण तो माझ्या मांडीवरून आला नाही. मांडीवर यांचं डोकं होतं आणि ओठ मी मिटवलेले तसेच मिटलेले होते. आवाज माझ्या पाठीमागून आला. भिंतीपाशी ठेवलेल्या त्या दिव्याकडून.

लक्ष्मीनंही ऐकला. तिच्या हातातला बुधला पडला. मी मागे वळून बघितलं नाही. मला बघायचंच नव्हतं. मी यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसले, आणि थोड्या वेळानं... किती वेळ ते माहीत नाही, यांचे ओठ हलले. डोळे उघडले. हे उठून बसले आणि म्हणाले, "दिवा लागला वाटतं."

लक्ष्मी पळाली आणि तिच्या हाकेनं आवडाबाई आली. तिनं पणती यांच्या तोंडाजवळ धरली, डोळ्यांत बघितलं, छातीवर हात ठेवला. तो हात तिनं चटकन मागे घेतला. मग मला बाजूला ओढलं.

"हा दिवा आमचे घरान नको. घेऊन जा, आताच घेऊन जा. धाकूला मी सांगन." आणि मग कानाशी लागून म्हणाली, "बाय, हाक तू मारलीस. आथं तुनाच संभालाचा."

मला तेव्हा त्या म्हातारीचा रागच आला. माझा नवरा उठून बसला होता, आणि ही असलं बोलते! जिभेवरचा तो मणी कुठे गेला, हेही मी विचारलं नाही. पुढे विचारलं तर हे म्हणाले, कुठला मणी?

त्याच संध्याकाळी होडीत बसलो. यांनी दिवा मांडीवर घेतला होता. मी यांच्या हातांकडे बघत होते, आणि मला रडू फुटलं. हात थरथरत नव्हते! होडी हलत होती, पण हात स्थिर होते. देव मला पावला, असं मी खाडीला हात जोडून म्हणाले. खरंच म्हणाले गं.

मग हळूहळू कळायला लागलं.

पंधरा दिवसांनी न्हावी आला. यांच्या हनुवटीवर हात फिरवून म्हणाला, "काय मिस्त्री, माझ्यावर रुसलात का? दाढी कुणाकडून करून घेतलीत?" यांनी कुणाकडूनच केली नव्हती. नंतर मी न्हाव्याला बोलवायचंच बंद केलं. नखं काढायची वेळ कधी आलीच नाही. जेवायचे, पण ताटात मीठ वाढायचं मी एकदा विसरले तर यांना कळलं नाही. रात्री भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे, त्याला झोप म्हणायचं का ते मला ठाऊक नाही. आणि रोज दिवस मावळायला लागला की उठायचे. ओटा ते माजघर, माजघर ते ओटा, अशा येरझाऱ्या. मी वात पेटवली की थांबायचे. एकदा मी म्हटलं, तुम्हीच लावा ना. यांनी काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. सगळी पेटी संपली. मग माझ्याकडे बघून हसले, आणि ते हसणं मला आवडलं नाही.

तिसऱ्या वर्षी, थोरली जाऊ वारल्यावर, मला ताप आला. दोन दिवस मी अंथरुणात शुद्ध हरपून होते. दिवा लावायचा राहून गेला. मध्यरात्री जाग आली तेव्हा घरात अंधार आणि येरझाऱ्यांचा आवाज नाही. चाचपडत गेले. हे त्या कोपऱ्यात होते, मान कलती, डोळे मिटलेले, हाताची मूठ भुईला टेकलेली. श्वास नाही. अंग लोखंडासारखं गार. मी रांगत जाऊन हा दिवा लावला आणि यांचं नाव घेतलं. ओ आली. भिंतीवरून. मग यांचे ओठ हलले. तेव्हापासून एक संध्याकाळ मी चुकवली नाही. तुझ्या बापाच्या लग्नात आंबिवलीला मी मुक्कामाला राहिले नाही म्हणून तुझी आजी, माझी सख्खी थोरली बहीण, वर्षभर माझ्याशी बोलली नव्हती. आता कळलं तुला?

सत्तावीस वर्षं झाली. मी त्रेपन्नाची म्हातारी. यांच्याकडे बघितलंस कधी नीट? नवे भाडेकरू मला विचारतात, आजी, मुलगा काय करतो तुमचा? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. लोक बोलतात, बोलू देत. कपाळाला कुंकू आहे, हातात काकणं आहेत. जे मागितलं ते मला मिळालं, आणि मी ते कुणाला घेऊ दिलं नाही.

पण गेल्या आषाढात मी यांना विचारलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं बघ, काय बाई म्हणायची मी! संध्याकाळ होती, हे फिरत होते. मी म्हटलं, "तुम्हाला कसं वाटतं हो?"

हे थांबले. म्हणाले, "झोप येते गं. फार झोप आलीय. किती दिवस झाले, डोळा लागतो, आणि तेवढ्यात तू हाक मारतेस."

गोदा, मला वाटत होतं, मी या माणसाला जगवलं. मी त्याला सत्तावीस वर्षं जागं ठेवलं होतं. आपल्या स्वार्थासाठी. दमून गळून गेलेल्या माणसाला कुणी पाठ टेकू देऊ नये, तसं केलं मी. त्या रात्री मी खूप रडले. हे शेजारी बसून होते. यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तो गार होता. तरी मला बरं वाटलं.

आता वैद्यांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. छातीत पाणी झालंय. मी गेल्यावर हा दिवा कोण लावणार? तू? नाही, तुझ्या गळ्यात मी हे बांधणार नाही. आणि दिवा लागला नाही म्हणून कुणाच्या दारात, रस्त्यात यांना पडू द्यायचं, लोकांनी बघायला जमायचं, तेही नको. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर निजू देत. उद्या सकाळी तुझा नवरा विठ्ठल चार माणसं घेऊन येईल. त्याला सांगितलंय की यांना बरं नाही. काकणं मी उद्या स्वतः काढीन. मला आता त्याचं काही वाटत नाही.

म्हणून आज मशालीत तेल बोटभरच घातलंय. एकटीच्यानं मला हे निभलं नसतं, म्हणून तुला बोलावलं. मी तेल घालायला उठले तर मला धरून ठेव. आणि माझ्या तोंडून यांचं नाव निघालं तर माझं तोंड दाब, लाज धरू नकोस. समजलं?

बघ, ज्योत लहान झाली. खालून निळी पडली. मघाशी तेल सरत आलं तशा आत येरझाऱ्या सुरू झाल्या होत्या, ऐकल्यास? आता थांबल्यात. बसले वाटतं खाली. नीट बसा हो... पाठ टेका.

मी रडत नाही. धूर गेला डोळ्यांत.

बुधल्याकडे बघू नकोस, गोदा. हात घट्ट धर माझा. आणखी घट्ट.

...

गेली.

झालं. निजले. सत्तावीस वर्षांनी निजले गं. बोलू नकोस. थोडा वेळ तशीच बस माझ्याजवळ.

...

गोदा. तुझे डोळे मला दिसतायत. कुडीतले मोती मोजता येतील इतके दिसतायत. खिडक्या मी दुपारीच लावल्या, आणि आज अमावास्या आहे. वर बघ. वातीवर ठिणगीसुद्धा नाही.

माजघराच्या दाराकडे बघ. फटीतून... खालून. हो, तिथूनच. जमिनीवर इथपर्यंत आलाय उजेड, माझ्या पावलांपर्यंत.

आत दिवा नाही गं. तिथे फक्त हे आहेत.